मोटर पाणी सोडते

भोंगवली, ता. भोर
२० नोव्हेंबर २०२३

चि. नूतन,

आशीर्वाद आधी देऊन टाकतो, नाहीतर लिहिण्याच्या नादात राहून जाईल.

तुझं पत्र मिळालं. वर्षश्राद्धाला अर्धा दिवस का होईना येऊन गेलीस. ओसरीवर तुझ्या चपला दिसल्या, बरं वाटलं. तुझ्या काकूला जाऊन वर्ष झालं म्हणतात. भटजींनी तिथी काढून दिली म्हणून मीही झालं असं धरून चाललो.

फोन करत जाऊ नकोस. एकतीस वर्षं सारोळ्याला नीरेच्या काठी उपसा सिंचनाच्या पंपघरात काढली, दोन मोटरींच्या मधे बसून. उजवा कान पार गेला, डावा निम्मा राहिला. फोनमधे मला नुसती घरघर येते आणि मी आपला "व्हय, व्हय" करत बसतो. परवा तू बहुतेक विचारलंस जेवलात का, आणि मी म्हणालो, "दे पाठवून." पत्रच बरं. पत्र कितीही हळू बोललं तरी ऐकू येतं.

माझं बरं चाललं आहे. तक्रार एकच, मोटरची. सकाळी पाणी सोडून बसते. बटण दाबलं की नुसती फिरते, उचलत काही नाही. वरून कुणीतरी बादलीभर पाणी ओतावं तेव्हा कुठं धरते. एकदा धरलं की दिवसभर कुरकुर नाही. पण रोज सकाळी तेच.

तुला वेल्ह्यात नोकरी लागून पाच महिने झाले. पाण्याची स्कीम कुठवर आली ते लिही. जेवण स्वतः करतेस की बिस्किटांवर दिवस काढतेस, तेही लिही. खोटं लिहू नकोस.

तुझा,
तात्या


वेल्हे
२७ नोव्हेंबर २०२३

ती. तात्या,

नमस्कार वाकूनच करते आहे. गुडघ्यावर वही ठेवून लिहिते, त्यामुळे तो आपोआप होतो.

बिस्किटं खाते. झालं समाधान? इथं संध्याकाळी सातला रस्ता ओस पडतो. मग खोलीत मी आणि भिंतीवरची एक पाल. ती माझ्याशी बोलते, मी उत्तर देत नाही, एवढा माणूसघाणेपणा माझ्यात आला आहे.

स्कीम जवळजवळ झाली. नदीवरून पाणी उचलायचं आणि दोन किलोमीटर पाइपातून डोंगरावरच्या वाडीत न्यायचं. एक्केचाळीस घरं आहेत. बाया खालच्या झऱ्यावरून हंडे वर नेतात. पाइपाची, मोटरीची सगळी गणितं माझी आहेत. कंपनीचे साहेब फक्त सह्या करतात.

कॉलेजात आम्हाला शिकवलं त्यात पाणी कायम एका वेगाने वाहत असतं. त्याला स्टेडी स्टेट म्हणतात. दाब ठरलेला, प्रवाह ठरलेला, गणित सुटतंच. सुरू होताना आणि थांबताना पाणी जे नखरे करतं त्याला ट्रान्झिएंट म्हणतात. तो धडा अगदी शेवटी होता, मी तो ऑप्शनला टाकला होता. पास झाले की नाही!

तुमच्या मोटरीचं निदान सोपं आहे. फुटवॉल गळतो आहे. विहिरीच्या तळाला पाइपाच्या तोंडाशी जी झडप असते ती नीट मिटत नसेल, म्हणून मोटर थांबली की रात्रभरात पाइपातलं पाणी उतरून जातं. आतला वायसर बदला, रोजची बादली सुटेल.

काकू जाण्याच्या महिनाभर आधी मला म्हणाली होती, "माझ्यामागं ह्यांच्याशी कोण बोलंल गं? लई वरडावं लागतं." मी तिला शब्द दिला होता की मी बोलेन. तो पाळते आहे, बघा. येत्या आठवड्यात पहिली चाचणी आहे. ती झाली की चार दिवस राहायला येते.

तुमची,
नूतन


भोंगवली
१० डिसेंबर २०२३

चि. नूतन,

वायसर बदलला. फरक नाही. आज सकाळीही मोटर पाणी सोडून बसली होती, दहा वाजेपर्यंत.

स्टेडी स्टेटला आम्ही काटा बसला म्हणायचो. पंपघरात दाबाचं घड्याळ असायचं. मोटर सुरू केली की त्याचा काटा नाचायचा, मग हळूहळू एका जागी बसायचा. काटा बसला की मी पेपर वाचायला मोकळा. साहेब लोक पाहणीला यायचे ते काटा बसल्यावर, आणि काटा उठायच्या आत जेवायला जायचे. बसलेल्या काट्यावर पंप कुणीही चालवील. मला पगार द्यायचे ते सकाळची दहा मिनिटं आणि संध्याकाळची दहा मिनिटं.

चाचणीचं काय झालं? चार दिवस राहायला येणार होतीस. मी तांदूळ निवडून ठेवले, त्यात पोरकिडे व्हायच्या आत ये.

तात्या


वेल्हे
२२ डिसेंबर २०२३

ती. तात्या,

उशीर झाला, माफ करा. चाचणी छान झाली. तासभर मोटर चालली, काटा तुमच्या भाषेत एकदम बसला होता. पाणी वाडीच्या टाकीत पडलं.

यायला मात्र जमत नाही, कामं निघाली आहेत थोडी. किकवीच्या अमृतचा टेम्पो भाजी घेऊन इथं येतो. त्याच्या हाती नवा फुटवॉल पाठवते आहे, पितळी, चांगल्यातला. तुमचा जुना पार झिजला असेल. कुणाकडून तरी बसवून घ्या, स्वतः विहिरीत उतरू नका.

एक विचारायचं होतं, सहज. तुम्ही संध्याकाळी पंप बंद करताना आधी काय करायचात? आधी बटण की आधी पाइपावरचा चाकाचा व्हॉल? आणि व्हॉल किती वेळात मिटायचात? नुसतं माहितीसाठी.

तुमची,
नूतन


भोंगवली
३० डिसेंबर २०२३

चि. नूतन,

फुटवॉल मिळाला. जड आहे, गुळगुळीत आहे. एवढ्या लांबून पाठवलास, काय बोलू.

आता तुझ्या सहजचं. पाइप कुठे फुटला? चढाच्या तळाशी वळण असेल तिथला जोड गेला असणार. मला ऐकू येत नाही, वाचता येतं. "छान झाली" एवढ्या चार अक्षरांत तू कधी काही सांगितलं आहेस का? चौथीत दुसरी आलीस तेव्हा दोन दिवस बडबडत होतीस.

तर ऐक. तुम्ही खाली बटण बंद करता, मोटर थांबते. पण जे पाणी डोंगर चढतं आहे त्याला कुणी सांगितलेलं नसतं की मोटर थांबली. ते बिचारं आपल्या जोरात चढतच राहतं. मागून रेटा नाही हे त्याला उशिरा कळतं. मग ते थबकतं, उलटं फिरतं आणि दोन किलोमीटरचा सगळा भार घेऊन खाली येऊन मिटलेल्या झडपेवर डोकं आपटतं. फुटतो तो पाइप, पण चूक घाईची असते.

म्हणून बंद करताना मोटर चालू ठेवायची आणि व्हॉल हळूहळू मिटायचा. चाक एकदा पूर्ण फिरलं की एक आटा. चार आटे फिरवायचे, मग थांबायचं. मी तेवढ्यात तंबाखू मळायचो, चुना लावून, नीट, तोंडात टाकेपर्यंत. मग पुढचे चार आटे. व्हॉल पूर्ण मिटला की मग बटण. सुरू करतानाही तसंच, मिटलेल्या व्हॉलवर मोटर सुरू करायची आणि चार चार आट्यांनी उघडायचा. पाइप रिकामा असेल तर आणखी सावकाश, आतली हवा फुसफुसत निघून जाऊ दे. एकतीस वर्षांत माझा एक जोड फुटला नाही, दात मात्र सगळे गेले.

तू तंबाखूला हात लावायचा नाही. अमृतच्या टेम्पोत पायली भरून भुईमुगाच्या शेंगा पाठवतो आहे. चार आटे झाले की मूठभर शेंगा घ्यायच्या, फोडायच्या, खायच्या. टरफलं गोळा करून टाकायची. मग पुढचे चार. घड्याळ बघायचं नाही, घड्याळ बघणारा माणूस घाई करतो.

आणि झालं ते सगळं लिही. मला काळजी वाटायची ती आता वाटून झाली.

तात्या


वेल्हे
१६ जानेवारी २०२४

तात्या, तात्या, तात्या!

नमस्कार शेवटी करते. काटा बसला! आणि बसला तसाच उठलाही, सुखरूप!

आता खरं सांगते. पाच डिसेंबरला तासभर सगळं सुरळीत चाललं. टाकीत पाणी पडताना बघून बायांनी हंडे वाजवले. मग मी फिटर रतनला म्हणाले, "कर बंद." त्याने खाडकन बटण दाबलं. दहा सेकंद काही नाही. नंतर डोंगरावरून गडगडत काहीतरी आलं आणि वळणावरचा जोड तोफेसारखा उडाला. कुणाला लागलं नाही हे नशीब. टाकीतलं पाणी दोन दिवस पुरलं, पुढचा महिनाभर बाया पुन्हा झऱ्यावर. साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर सामान बांध. मी रोज वाडीत जाऊन यायचे आणि ठकुबाई नावाच्या म्हातारबाई रोज विचारायच्या, "पोरी, पानी कवा?" मी मान खाली घालून खोलीवर यायचे आणि पालीलाही तोंड दाखवायचे नाही. तुम्हाला कसं लिहिणार होते? एकतीस वर्षांत एक जोड न फुटलेल्या माणसाला?

काल दुसरी चाचणी झाली. सगळं गाव गोळा झालेलं, साहेब मोबाईलवर फिल्म काढायला तयार. मी मोटर सुरू केली, चार आटे उघडले आणि दगडावर बसून शेंगा फोडायला लागले. साहेबांना वाटलं माझं डोकं फिरलं. ठकुबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "बाई गं, पानी सोडायचं सोडून ही शेंगा खाती व्हय?" रतन म्हणाला, "मॅडम, मलाबी द्या." दोघांनी मिळून पाव पायली संपवली. सुरू करायला अर्धा तास, बंद करायला अर्धा तास. पाइप हूं की चूं करत नाही! रतनने आता पंपघरात शेंगांचा डबाच ठेवला आहे आणि वर खडूने लिहिलं आहे, "चार आट्यांनंतर".

मी रडले, तात्या. काकू असती तर तिला सांगितलं असतं, तुम्हाला सांगायला लाज वाटते आहे, पण रडले.

आता मला आणखी तीन वाड्या दिल्या आहेत. जरा बस्तान बसलं की नक्की येते. फुटवॉल बसवला का?

तुमची लाडकी,
नूतन


भोंगवली
२ फेब्रुवारी २०२४

चि. नूतन,

तुझं पत्र पोस्टातल्या छायाबाईला वाचून दाखवलं. ती हसून हसून लाल झाली. वाचून झाल्यावर मी ते काकूच्या फोटोसमोर ठेवलं.

फुटवॉल बसवला.

आमच्याकडं ज्वारी काढणीला आली. मी शेत वाट्याने दिलं आहे, त्यामुळे बघायचं तेवढं काम. शिमग्याला येशील का? पुरणपोळी मला येत नाही, पण शेजारची रत्ना देते. तुझ्या वाटणीची मागून ठेवतो.

तात्या


भोंगवली
१८ मार्च २०२४

चि. नूतन,

पत्र नाही. स्कीम चांगली चालली असणार, म्हणून नसेल. चांगली चालू दे.

शिमगा आठवड्यावर आला. रत्नाला सांगून ठेवलं आहे.

तात्या


भोंगवली पोस्ट
२६ एप्रिल २०२४

नूतनताई,

जय भीम. तुमची माझी ओळख नाही. मी छाया, भोंगवलीच्या पोस्टाचं काम बघते. पाकिटावर शिक्का मारणाऱ्याने आतल्या मजकुरात पडू नये, हे मला कळतं. तरी लिहिते.

रखमाजीतात्या रोज सकाळी अकराला पोस्टात येतात. "आलं का?" म्हणतात. बोललेलं ऐकू जात नाही म्हणून मी मान हलवते. ते "बरं" म्हणून बाकावर पाच मिनिटं बसतात आणि जातात. फेब्रुवारीपासून मी रोज मानच हलवते आहे. शिमग्याला रत्नाकाकूने दिलेली पोळी त्यांनी दोन दिवस डब्यात ठेवली होती. तुम्ही येणार होता म्हणे.

या मंगळवारी आले नाहीत. बुधवारीही नाहीत. मी घरी गेले. दुपारचे दोन वाजले होते. ताप नव्हता, काही नव्हतं, पण तोंडसुद्धा धुतलेलं नव्हतं. नुसते खाटेवर बसून होते. मी डाव्या कानाशी जाऊन विचारलं, "तात्या, काय होतंय?" तर म्हणाले, "काय न्हाई. मोटर पानी सोडती. वरनं कुनीतरी वतावं लागतं."

मला वाटलं विहिरीवरची मोटर बिघडली, म्हणून मी मागे जाऊन बघून आले. ताई, विहिरीवर मोटर नाही. गेल्या आषाढात शेत वाट्याने दिलं तेव्हाच ती काढून देऊन टाकली. कठड्यावर नुसते चार बोल्ट आहेत. तुम्ही पाठवलेला फुटवॉल आतल्या खोलीत देवळीत आहे, काकूंच्या फोटोशेजारी. ते तो रोज पुसतात.

मी चहा करून दिला. माझी सासू, शाळा, पोस्टातली गर्दी, काय सुचेल ते त्यांच्या कानात ओरडत बसले. अर्ध्या तासाने उठले, तोंड धुतलं, जेवले. मग संध्याकाळपर्यंत अंगण झाडलं, हौद घासला, मला म्हणाले, "आता बग, कुरकुर न्हाई."

मला जमेल तसं मी जाईन. पण मला वाटतं, ते तुमच्या पत्राची वाट बघतात.

आपली,
छाया


वेल्हे
३० एप्रिल २०२४

ती. तात्या,

तुमची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. पहिल्याच पत्रात तुम्ही लिहिलं होतं, "वरून कुणीतरी बादलीभर पाणी ओतावं तेव्हा कुठं धरते." त्याच्याखाली मी पेन्सिलने रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, "वायसर." मोटर म्हटलं की मी मोटरच वाचली. एवढी मी इंजिनिअर.

रोज सकाळी काकू तुमच्या डाव्या कानाशी येऊन ओरडायची. उठा, चहा निवला, दूध नासलं, कावळा ओरडतोय, काहीही. मी लहान असताना मला वाटायचं, ही किती बोलते! ती बादली होती, हे मला आत्ता कळतं आहे.

आणि मी तीन महिने लिहिलं नाही, कारण सगळं छान चाललं होतं. दुसरं काही कारण नाही. पाइप फुटला तेव्हा तुमची आठवण आली. काटा बसला तशी मी वाडीत, हिशेबात, नकाशात रमून गेले. काकूला शब्द दिला होता तो विसरले असं नाही, तो चालू आहे असं धरून चालले. मला माझी लाज वाटते.

रविवारी येते. पुरणपोळी नको, काही नको. सकाळी पहिल्या एस.टी.ने निघते.

नूतन


भोंगवली
१४ मे २०२४

चि. नूतन,

तू येऊन गेलीस त्याला आज आठवडा झाला.

छायाबाईवर मी रागावलो होतो. आता नाही. तिला सांगितलं, पोस्टात काम करतीस, तार बंद झाली तरी तू करतीस व्हय! ती म्हणाली, "तात्या, गप चहा प्या."

तू विचारलंस, खोटं का लिहिलं. खोटं नव्हतं. मला दुसरं कसं लिहायचं ते येत नाही. सकाळी डोळे उघडतात, छत दिसतं, आणि उठायचं कशाला ते आठवत नाही. हे पत्रात लिहायला बसलो की हात थांबतो. मोटरीचं लिहायला बसलो की सरळ येतं. आणि तू फुटवॉल पाठवलास तेव्हा मला हसू आलं नाही, नूतन. पोरीने आपल्या परीने इलाज पाठवला, म्हणून तो देवळीत ठेवला.

एक गोष्ट तुला समोर सांगता आली नाही. तुझी काकू गेली तेव्हा मी ओसरीवर पाठमोरा बसून दोरी वळत होतो. ती स्वयंपाकघरात होती. तिने हाक मारली असणार. ती साधं मीठ संपलं तरी मला हाक मारायची, तर तेव्हा मारली नसेल का? मला ऐकू आली नाही. मी अर्धा तास दोरी वळत होतो आणि मधेच तिला विचारलंसुद्धा, "चहा कवा करतीस?" मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुझ्या पाइपातल्या पाण्याचं मी इतकं बरोबर लिहिलं, ते पंपघरात शिकलो असं तुला वाटलं असेल.

तुझ्यावर राग नाही. दोन दिवस राहिलीस, कानाशी बसून पालीपासून साहेबापर्यंत सगळं सांगितलंस. अजून निम्मं पाणी टिकून आहे. पत्र रोज नको, आठवड्याला एक पुरे. चार ओळी असल्या तरी चालतील, पण सगळं छान चाललं असेल तेव्हा नक्की लिही.

पण जाताना तू एक चूक केलीस. सोमवारी जेवून बसलो होतो, तू मला ठकुबाईचं सांगत होतीस. तेवढ्यात तुझा मोबाईल वाजला, तू उठलीस, पिशवी उचललीस, पाया पडलीस, आणि चारच्या एस.टी.ला पळालीस. साहेबाचा फोन होता, तुझा इलाज नव्हता. मी मात्र तुला पुढचं विचारायला तोंड उघडलं तर समोर कुणी नाही. रात्रीपर्यंत मी दोनदा तुझ्याशी बोललो.

तर पुढच्या वेळी येताना कशीही ये, न कळवता ये. निघताना मात्र आदल्या दिवसापासून निघायला लाग. सकाळी एकदा सांग, तात्या, उद्या जायचं आहे. मग आपण शेंगा फोडू. दुपारी पुन्हा सांग. पुन्हा शेंगा फोडू. डाव्या कानाशी सांग. शेंगा घरात पुष्कळ आहेत.

तुझा,
तात्या